'अमेरिकन बॉर्न चायनीज': मुलाला पुस्तक आधी द्यावं की सिरीज आधी दाखवावी?

मीठभाकर

नमस्कार मंडळी. आम्ही न्यू जर्सीत असतो, मुलगा सहावीत आहे. मागच्या आठवड्यात तो शाळेच्या लायब्ररीतून जीन लुएन यांगचं 'अमेरिकन बॉर्न चायनीज' घेऊन आला. कॉमिक आहे म्हणून मी फारसं लक्ष दिलं नाही, रात्री भांडी आवरून झाल्यावर सहज उघडलं तर नेमकं ते पान लागलं ज्यात पिवळाधमक, पुढचे दात बाहेर आलेला, लांब वेणीवाला एक चिनी पोरगा अमेरिकेतल्या नातेवाइकांच्या घरात शिरतोय आणि 'र' आणि 'ल'ची अदलाबदल करून बोलतोय. मला धक्काच बसला, म्हटलं हे सहावीच्या पोरांना कसं काय देतात?? मग कव्हरवर बघितलं तर बक्षिसांचे शिक्केच शिक्के.

नवरा म्हणतो याची डिस्नीवर सिरीज आहे, मिशेल यो आहे त्यात, ती लाव, पुस्तक राहू दे. मुलगा म्हणतो मी अर्धं वाचलंय आता मधेच घेऊ नकोस. घरातली परिस्थिती थोडक्यात सांगते, रविवारच्या मराठी शाळेत साहेबांचं नाव पूर्ण असतं आणि सोमवारी शाळेत त्यातली पहिली दोनच अक्षरं उरतात. मित्र घरी आले की मी आजीशी फोनवर हळू बोलावं अशी सूचना असते. म्हणजे विषय आमच्या घरात आहेच, आणि म्हणूनच नेमकं काय त्याच्या हातात देतोय हे आधी कळलं तर बरं. दोन्ही वाचलेलं-बघितलेलं कोणी आहे का? स्पॉयलर चालतील.

शाईचा_डाग

वाचलंय, बघितलंय, आणि पुस्तक घरात दोनदा विकत घेतलंय कारण पहिली प्रत कोणीतरी ढापली.

आधी त्या पानाबद्दल. तुम्हाला जे भयंकर वाटलं ते भयंकर वाटावं म्हणूनच काढलंय. त्या पात्राचं नाव चिन-की, आणि ते नाव म्हणजे चिनी माणसाला देतात ती शिवीच आहे सरळ. सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी अमेरिकन पेपरात चिनी मजुरांची जी व्यंगचित्रं यायची (1882 मध्ये कायदा करून चिनी मजुरांना देशात यायलाच बंदी घातली होती, तो कायदा 1943 पर्यंत टिकला) त्यातली वेणी, ते दात, तो रंग, सगळं उचलून यांगने एका पात्रात कोंबलंय आणि वर टीव्ही मालिकेत असतो तसा मागून हशा सोडलाय, पानाच्या खाली हा हा हा अशी अक्षरांची रांगच असते. वाचणाऱ्याला हसू येतं आणि मग आपण कशाला हसलो म्हणून कसंतरी होतं. निदान मला झालं.

पुस्तकात तीन गोष्टी आलटून पालटून चालतात. एक माकडांच्या राजाची, स्वर्गातल्या मेजवानीला जातो आणि पायात चपला नाहीत म्हणून दारातून हाकलला जातो. दुसरी जिन वांगची, सॅन फ्रान्सिस्कोच्या चायनाटाउनमधून आईवडील दुसरीकडे राहायला जातात, नवीन शाळेत बाई त्याचं नाव चुकीचं सांगतात आणि हा चीनमधून आलाय असंही ठोकून देतात. तिसरी डॅनी नावाच्या गोऱ्या पोराची, ज्याचा हा चिन-की चुलतभाऊ दरवर्षी येऊन इतकी लाज आणतो की त्याला शाळा बदलावी लागते. तीनही गोष्टी शेवटी एकमेकीत कशा शिरतात ते मी सांगणार नाही, स्पॉयलर चालतील म्हणालात तरी.

2006 चं पुस्तक. 2007 ला किशोर साहित्याचा प्रिंट्झ पुरस्कार मिळाला, तो मिळालेलं हे पहिलं ग्राफिक नॉव्हेल. त्याआधी नॅशनल बुक अवॉर्डच्या अंतिम यादीत कॉमिक कधी पोचलंच नव्हतं, तिथेही हेच पहिलं. यांग तेव्हा ओकलंडच्या एका शाळेत कॉम्प्युटर शिकवायचा, सुरुवातीला स्वतःच छोट्या पुस्तिका छापून विकायचा. सहावीच्या मुलाला चालेल, पण एकट्याला देऊ नका, शेजारी बसा. एकदोन ठिकाणी वाह्यात विनोद आहेत, एका ठिकाणी शिवी आहे आणि ती गरजेची आहे.

निवांत_पुणेकर

मी पुस्तक नाही वाचलं, सिरीज बघितली, मे 2023 मध्ये आली तेव्हाच. आठ भाग, एका शनिवार-रविवारात संपते. मस्त आहे, मारामारी जबरदस्त, ती हवेत उडून वगैरे करतात तसली. मिशेल यो देवी असते आणि पृथ्वीवर येऊन त्या पोराची मावशी म्हणून राहते, काय तो थाट. ताई नवऱ्याचं ऐका, सिरीज लावा, पोरगं खूश, तुम्ही पण खूश. आणि तो माकडांचा राजा म्हणजे आपला मारुतीच की हो, उडतो काय, गदेसारखा सोटा काय, डोंगर काय. सगळं इथूनच गेलंय.

जुनी_पोथी

पुणेकर, इतकं सरळ नाही ते. सुन वूकोंग, म्हणजे हा माकडांचा राजा, हे 'पश्चिमेची यात्रा' या सोळाव्या शतकातल्या चिनी कादंबरीतलं पात्र. हनुमानावरून आलं असावं असं हू शी नावाच्या मोठ्या चिनी विद्वानाने विसाव्या शतकात मांडलं, पण त्याच काळात लेखक लू शुनने ते मान्य केलं नाही, तो म्हणाला चीनमध्येच आधीपासून एक माकडासारखा जलदैत्य आहे, मूळ तिथे शोधा. वाद अजून मिटलेला नाही. आणि स्वभाव बघा ना, मारुती पहिल्यापासून दास्यभक्तीचा पुतळा आणि हा गडी देवांशीच भांडण काढून पाचशे वर्षं डोंगराखाली दबून पडतो, मग कुठे सुधारतो.

आपला खरा धागा दुसराच आहे. त्या कादंबरीत माकड ज्या भिक्षूला सोबत करतो तो श्वानझांग म्हणजे आपल्या इतिहासाच्या पुस्तकातला ह्युएन त्सांग. तो खराखुरा माणूस सातव्या शतकात दुसऱ्या पुलकेशीच्या काळात महाराष्ट्रात येऊन गेला आणि इथले लोक मानी आहेत, उपकार विसरत नाहीत आणि अपमानही विसरत नाहीत अशा अर्थाचं लिहून गेला. आणि मिशेल योची ती ग्वानयिन देवी म्हणजे बोधिसत्त्व अवलोकितेश्वर, चीनमध्ये जाऊन स्त्रीरूप झालेला. कान्हेरीला 41 नंबरच्या लेण्यात अकरा डोक्यांचा अवलोकितेश्वर आहे, मुंबईकरांनी बोरिवलीला उतरून बघून यावा. ताई, तुमच्या मुलाला हे सांगा, मराठी शाळेत भाव खाईल.

अर्धा_इकडे_अर्धा_तिकडे

मी बे एरियामध्ये (सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास) मोठा झालो, आता कॉलेजमध्ये आहे, मराठी टाइप करायला वेळ लागतो सो सांभाळून घ्या.

सगळे लोक या बुकबद्दल बोलताना रेसिझम रेसिझम करतात, म्हणजे गोरे पोरं चिडवतात, नाव चुकीचं घेतात, डब्यावरून बोलतात. ते आहे बुकमध्ये. पण मला ते पार्ट वाचून काही नाही झालं, ते मला माहीतच होतं. मला लागलं ते वेई-चेनचं. तो तैवानहून नवीन आलेला मुलगा, इंग्लिश तोडकं, कपडे वेगळे, आणि जिनला पहिल्या दिवशी बघून वाटतं की याला मार द्यावा, कारण हा शेजारी बसला तर सगळे मलाही तसाच समजतील. नंतर ते बेस्ट फ्रेंड होतात. आणि मग एकदा जिनची स्वतःची वाट लागलेली असते, एका गोऱ्या मुलाने त्याला सांगितलेलं असतं की तू अमुक मुलीपासून लांब राहा, तुझ्याबरोबर दिसणं तिला बरं नाही. तर जिन तो राग कोणावर काढतो? वेई-चेनवर. त्याला तोंडावर म्हणतो की तू कालच बोटीतून उतरलेला, मी आणि तू सेम नाही. आणि त्याच रात्री जिनचं जे होतं ते होतं.

आता खरं सांगा आपल्या मंडळात हे होत नाही का. गणपतीच्या प्रोग्रॅमला आम्ही इथे वाढलेले सगळे एका टेबलवर आणि नागपूर-नाशिकहून त्या वर्षी आलेला मुलगा आईवडिलांच्या टेबलवर. कोणी त्याला काही बोललं नाही, फक्त खुर्ची सरकवली नाही. तिकडचे आम्हाला एबीसीडी (अमेरिकन बॉर्न कन्फ्यूज्ड देसी) म्हणतात, आम्ही त्यांना फॉब (फ्रेश ऑफ द बोट) म्हणतो. सो ताई तुमचा मुलगा दोन अक्षरांचं नाव वापरतो त्याचं मला एवढं टेन्शन नाही वाटत, सगळेच करतात. तो वर्गात नवीन आलेल्या इंडियन मुलाशी कसा वागतो ते बघा. बुक त्याबद्दल आहे. सिरीजमध्ये ते आहे पण सॉफ्ट करून टाकलंय.

मीठभाकर

बापरे. अर्धा_इकडे, तू जे लिहिलंस ते वाचून मी थोडा वेळ गप्पच बसले. याच्या वर्गात हैदराबादहून एक मुलगा आलाय या वर्षी, त्याच्याबद्दल आमच्याकडे अवाक्षर निघत नाही, आता लक्षात येतंय.

जुनी_पोथी, ह्युएन त्सांगचं भारी आहे, सांगितलं, तर म्हणाला मग तो माकडाला घेऊन आला होता का महाराष्ट्रात. काय उत्तर देणार.

पण मला हे कळत नाही की सिरीजमध्ये सॉफ्ट का केलं. ते वेणीवालं पात्र आहे का त्यात?

शाईचा_डाग

चिन-की सिरीजमध्ये नाही, म्हणजे तसा नाही, आणि त्याचं कारण मला पटतं. यांग बरीच वर्षं पडद्यावर आणायला तयार नव्हता, त्याची भीती अशी की पुस्तकात हे पात्र पानांच्या मधे बांधलेलं राहतं, पण त्याची चित्रफीत झाली की कोणीतरी तेवढाच तुकडा कापून यूट्यूबवर टाकणार, आणि मागचं-पुढचं काही नसताना ती नुसतीच टिंगल होणार. पोरं एकमेकांना पाठवून हसणार. बरोबरच आहे, आज तेवीस सेकंदांच्या वर कोण काय बघतं.

म्हणून केल्विन यू (सिरीज त्याने उभी केली, त्याचा सख्खा भाऊ म्हणजे 'इंटिरियर चायनाटाउन' लिहिणारा चार्ल्स यू, घरच तसलं आहे) याने काय केलं, तर चिन-कीच्या जागी नव्वदच्या दशकातल्या एका खोट्या टीव्ही मालिकेतला फ्रेडी वाँग आणला. सतत धडपडणारा, आपटणारा, ठरावीक वाक्य म्हणून हशा घेणारा चिनी माणूस. आणि ती जुनी क्लिप आजच्या शाळेत मीम होऊन फिरते आणि जिनच्या मानगुटीवर बसते. म्हणजे यांगला ज्याची भीती होती तेच उचलून त्यांनी कथानकात घातलं! मला तर हा सगळ्यात हुशार बदल वाटतो.

वर तो फ्रेडी करणारा नट कोण, तर के ह्वी क्वान. हा सायगावला जन्मलेला, लहानपणी घरच्यांबरोबर व्हिएतनाममधून निसटून 1979 ला अमेरिकेत पोचलेला निर्वासित मुलगा. 1984 ला 'इंडियाना जोन्स अँड द टेम्पल ऑफ डूम'मध्ये हिरोबरोबर टोपी घालून फिरणारं जे चुणचुणीत पोरगं आहे ते हेच. पुढे मोठा झाल्यावर आशियाई माणसाला भूमिकाच मिळेनात म्हणून अभिनय सोडून कॅमेऱ्याच्या मागे मारामाऱ्या बसवायच्या कामाला लागला, थेट 2023 ला ऑस्कर. आणि इथे तो अशा नटाची भूमिका करतो ज्याला एका हास्यास्पद पात्रानंतर कामच मिळालं नाही. त्याचं शेवटाकडे एक भाषण आहे, तेवढ्यासाठी सिरीज बघावी.

अवांतर: तोच सिनेमा ज्यात अमरीश पुरी काळीज उपटून काढतो आणि राजवाड्यात भारतीय लोकांना माकडाचा मेंदू आणि जिवंत साप खाताना दाखवलंय. भारतात शूटिंगला परवानगी दिली नाही म्हणून श्रीलंकेत जाऊन केलं. आपल्या आधीच्या पिढीतल्या अमेरिकेतल्या पोरांना त्या एका जेवणाने किती वर्षं छळलं ते कोणालाही विचारा. जिनला 'तुम्ही कुत्री खाता का' विचारतात तो प्रसंग पुस्तकात वाचला आणि मला तो राजवाडाच आठवला.

खडूस_वाचक

इतकं कौतुक चाललंय म्हणून थोडं मीठ टाकतो. सिरीज डिस्नीने धुऊन, वाळवून, इस्त्री करून दिलीय. पुस्तकात जिनला हवं असतं दुसरंच कोणीतरी होणं, आणि लहानपणीच एक म्हातारी त्याला बजावते की माणसाला काहीही होता येतं, किंमत म्हणून आत्मा गमवावा लागतो. हा सौदा म्हणजे पुस्तकाचा कणा. सिरीजमध्ये तो सौदाच काढून टाकला आणि त्याच्या जागी काय, तर कुठलीशी चौथी गुंडाळी शोधायची आणि चोरलेला सोटा आणि बैलराक्षसाचं बंड. म्हणजे वाईट काय ते बाहेर, जिन बिचारा चांगलाच. असल्या सिरीज दर महिन्याला येतात.

आणि पुस्तकही काही निर्दोष नाही. यांग कॅथलिक आहे, तर त्याने बुद्धाच्या जागी स्वतःचा एक सर्व काही निर्माण करणारा देव बसवलाय, त्याच्या तोंडी चक्क बायबलच्या स्तोत्रातल्या ओळी, आणि भिक्षूची यात्रा संपते ती ताऱ्याच्या मागे जाऊन बाळ येशूच्या दाराशी. एवढी शतकं जुनी बौद्ध गोष्ट घ्यायची आणि तिचा शेवट नाताळच्या देखाव्यात करायचा? आपल्या एखाद्या पोथीचं असं केलं असतं तर इथे पाचशे प्रतिसाद पडले असते.

जुनी_पोथी

खडूस, मुद्दा आहे, पण तो माणूस चिनी कॅथलिक घरात कॅलिफोर्नियात वाढला, आईकडून माकडाच्या गोष्टी ऐकल्या आणि रविवारी चर्चमध्ये गेला, मग त्याच्या डोक्यात ही दोन्ही एकाच खोलीत राहणारच ना. फादर स्टीफन्सने सतराव्या शतकात गोव्यात बसून येशूची गोष्ट ओव्यांमध्ये लिहिली ('क्रिस्तपुराण'), तिला आपण मराठी साहित्यात मानाने बसवतोच की. सिरीजने मात्र हा भाग पूर्ण टाळून सगळे जुने चिनी देव परत आणले, ते बघून तुम्हाला बरं वाटायला हवं होतं.

खडूस_वाचक

क्रिस्तपुराणात माकड नाही. बाकी मान्य.

निवांत_पुणेकर

मी फक्त मारामारी चांगली आहे एवढंच म्हटलं होतं 😅 तुम्ही कुठल्या कुठे गेलात. दुसरा सीझन कधी येतोय कोणाला माहीत आहे का, शेवट अर्धवट लटकवलाय.

शाईचा_डाग

येणार नाही. जानेवारी 2024 मध्ये बंद झाल्याचं जाहीर झालं. मिशेल यो आणि के ह्वी क्वान, 2023 चे दोघे ऑस्करवाले हाताशी असताना आठ भागांवर गुंडाळली. मुलाला आधीच सांगून ठेवा, नाहीतर शेवटच्या भागानंतर रिमोट फेकेल.

दुपारचा_चहा

धागा उशिरा वाचला. आम्ही टोरांटोला, दोन मुली, एक मोठी एक सातवीत. आम्ही पुस्तक आधी आणि सिरीज नंतर असं केलं आणि मला तोच क्रम बरोबर वाटतो, पण वरच्या लोकांपेक्षा कारण जरा वेगळं आहे.

पुस्तकात आईबाप जवळजवळ नाहीतच. सुरुवातीला जिनचे आईवडील भेटले कसे, शिकायला कसे आले ते थोडक्यात येतं आणि मग ते पार्श्वभूमीला जातात. मुलांच्या नजरेतून तसंच असतं म्हणा, आपण म्हणजे गाडी चालवणारे आणि ओरडणारे. सिरीजमध्ये मात्र सायमन आणि क्रिस्टिन म्हणजे जिनचे आईबाबा ही खरी माणसं आहेत. बाबा ऑफिसात वर्षानुवर्षं मान खाली घालून काम करतोय, बढती मागायची हिंमत नाही, आईला ते सहन होत नाही, ती त्याला टोचते, मग भांडणं, मग दोन दिवस अबोला आणि तरीही डब्यात फळं चिरून. आणि हा बाबा बॉन जोवी या रॉक बँडचा वेडा चाहता असतो, तरुणपणी काय काय स्वप्नं बघून आलेला. माझ्या मोठीने त्या भागानंतर तिच्या बाबाला विचारलं की तू इकडे येताना तुला खरं काय करायचं होतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. तो नाटकाच्या तालमींबद्दल, पुरुषोत्तम करंडकाबद्दल बोलत बसला, जेवण गार झालं.

खडूस म्हणतात तसं सिरीजमध्ये पुस्तकातली धार नाही हे खरंय, जिनने मित्राला दुखवलेलं तिथे लवकर भरून निघतं. पण पुस्तक मुलांसाठी आहे आणि सिरीज घराने मिळून बघण्यासाठी, दोन्हीकडून एकच काम कशाला मागायचं.

मीठभाकर, अर्ध्यावर पुस्तक काढून घेऊ नका, अर्ध्यावर तर ते नुसतं टिंगलच वाटतं, सगळा उलगडा शेवटच्या पन्नासेक पानांत आहे. पूर्ण करू दे, मग तुम्ही वाचा, मग सिरीज. आणि हो, सिरीज लावताना डबिंग अजिबात लावू नका, मूळ आवाज आणि खाली सबटायटल्स ठेवा. घरी आईबाप मँडरिनमध्ये बोलतात, मुलगा इंग्लिशमध्ये उत्तर देतो, डब केलं की सगळे एकाच भाषेत बोलायला लागतात आणि अर्धी मजा तिथेच जाते. माझ्या धाकटीने पहिल्या भागात दहा मिनिटांत जाहीर केलं की हे आपल्यासारखंच बोलतात, फक्त यांच्याकडे सबटायटल्स आहेत.

मीठभाकर

आज रात्रीपर्यंत संपवतो म्हणालाय. मी लायब्ररीत दुसऱ्या प्रतीसाठी नाव लावलंय, माझ्या पुढे चार जण आहेत.